बिनविळीचं घर

१० नोव्हेंबर, रविवार

खोली मिळाली, आणि तीही आडनाव न सांगता! नव्या नोकरीची रोजनिशी सुरू करायला याहून चांगली बातमी मिळाली नसती.

गेला आठवडाभर तालुक्याच्या गावात वणवण चालली होती. सगळीकडे तोच खेळ. आधी खोली दाखवायची, नळाला पाणी कसं भरपूर येतं ते सांगायचं, आणि निघताना सहज आठवल्यासारखं विचारायचं, पूर्ण नाव काय म्हणालात? पूर्ण नाव सांगितलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली निघायची. एका बाईंनी तर 'भाड्याने देणे आहे' या पाटीखाली उभं राहून मला हे सांगितलं. मी पाटीकडे बघितलं, त्यांनी आभाळाकडे बघितलं. मग दोघंही हसलो आणि मी चालू लागलो.

शेवटी कोर्टातल्या शिपायाने हे घर सुचवलं. केदारखेड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं आणि कापसाच्या रानातून थोडं आत चालायचं. घरमालक सर्जेरावकाका साठीचे, हाडकुळे, बोलायला मऊ. त्यांनी एवढंच विचारलं, की काम काय करता. म्हटलं, कोर्टात लघुलेखक म्हणून रुजू होतोय, न्यायाधीश बोलतात ते मी लघुलिपीत उतरवून घेतो. काका माझ्या हातांकडे बघत राहिले. "म्हंजे समदं हाताचंच काम," म्हणाले, आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

घरात ते आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा, उषाबाई. जेवण त्यांच्याकडेच. आज बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. इतका जेवलो की चालवेना. माझी खोली गोठ्याला लागून आहे, खिडकीतून विहीर आणि मोसंबीची चार झाडं दिसतात.

संध्याकाळी घरी, कुंभार पिंपळगावला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, आडनाव विचारलं का? नाही म्हटलं. ती म्हणाली, मंग माणसं चांगली दिसतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काम जमलं. साहेब भरभर बोलतात, पण माझा हात त्यांच्याही पुढे असतो. खरं सांगायचं तर लिहिताना मी तिथे नसतोच. आवाज कानातून थेट बोटांत उतरतो आणि मी निवांत खिडकीबाहेरच्या बोरीवरचे पोपट बघत बसतो. मागचं वाचायला सांगितलं की सगळं जिथल्या तिथे. आमचे क्लासचे सर म्हणायचे, ज्याला हात दुसऱ्याच्या हवाली करता आला तोच खरा लघुलेखक.

घराची एक गंमत आज लक्षात आली. या घरात विळी नाही. सुरीही नाही, कोयता नाही, खुरपंसुद्धा शेजारच्या रानातल्या शेडमध्ये. कांदा बुक्कीने, भेंडी हाताने मोडून, कोथिंबीर खुडून. काका दाढीला गावात जातात. उषाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या घरात चालत न्हाई ते." काही नवस असेल. आमच्या घरात नवस नाही, देवऋषी नाही, त्यामुळे मला अशा गोष्टींची चेष्टा करायची खोड आहे. म्हटलं, काकू, मग कलिंगड काय डोक्यावर फोडता? त्या हसल्या नाहीत.

माझ्याजवळ घडीचा चाकू आहे, हे मात्र बोललो नाही. लघुलिपीची पेन्सिल चाकूनेच तासावी लागते. शार्पनरचं टोक आखूड निघतं आणि ऐन वाक्यात मोडतं. बॅगेच्या तळाशी पडून राहील, कोणाला दिसतोय.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवून आडवा झालो होतो. जाग आली तेव्हा मी उभा होतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, उजवा हात अर्धवट वर. कसा आलो ते आठवत नाही. पायांत चपलाही नव्हत्या.

उषाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे. त्या दचकल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, बसा, चहा टाकते. त्यांचा आवाज असा होता, जणू हे रोजचंच आहे. मीही बसलो आणि चहा प्यालो.

लहानपणी मी झोपेत चालायचो म्हणे. बाबांना विचारायला हवं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा म्हणाले, तू झोपेत कधी चालला नाहीस, तो तुझा चुलतभाऊ.

आज बाररूममध्ये राधेश्याम वकिलांनी मला बाजूला घेतलं. पांढरे केस, पान, आणि स्वतःच्या जुन्या खटल्यांच्या गोष्टी. म्हणाले, सर्जेरावाच्या घरी राहतोस ना? तुझ्या मालकाला मी सोडवलं.

आठ वर्षांपूर्वी काकांनी आपल्या धाकट्या भावाला, मच्छिंद्रला, मारलं. काकांना फिट यायची. फिट ओसरल्यावर काही वेळ डोळे उघडे, अंग हलतंय, पण आत माणूस नाही, अशी अवस्था व्हायची. त्या सकाळी मच्छिंद्र थोरल्या भावाकडे पाठ करून चारा तोडत बसला होता. काकांनी शेजारचा विळा उचलला. बघणाऱ्या एकट्या उषाबाई. त्यांनीच कोर्टात सांगितलं, की थोरले भानावर नव्हते. डॉक्टरही तेच बोलले.

वकीलसाहेबांनी मला कायदा समजावला. झोपलेल्या माणसाची लाथ लागली तर ती लाथ त्याची नव्हे. मन सोबत नसेल तर कृत्य आरोपीचं नव्हे, आणि काका निर्दोष सुटले. मी विचारलं, मग ते कृत्य कोणाचं? ते खूप हसले. "कोणाचंच न्हाई, बेवारस. कायद्यात बसतंय बराबर."

गोळ्यांनी काकांच्या फिट कधीच थांबल्यात म्हणे. मला काकांची कीव आली. विळी का नाही ते कळलं, आणि मी केलेल्या चेष्टेची लाज वाटली. चाकू उद्या कोर्टात नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

चाकू नेला नाही. रोज विसरतो. मी सहसा विसरत नाही.

आज उठलो तर खोलीभर पेन्सिलींचा भुगा. डझनभर नव्या पेन्सिली तासून तासून बोटाच्या पेराएवढ्या केलेल्या. माझ्या तळहातावर लाकडाचा वास होता. चाकू मात्र सापडेना.

बाहेर आलो तर काका उन्हात बाजेवर बसले होते. त्यांच्या हातात माझा चाकू. मोसंबीची साल काढत होते, एका लांब पट्टीत, कुठेही न तुटू देता. हात अगदी स्थिर. म्हणाले, तुमच्या दारात पडला होता. मग म्हणाले, "लई वर्सांनी हात हलका वाटून राह्यला, सायेब. झोप पण मस्त लागली." एक फोड त्यांनी मला दिली.

उषाबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाकू काकांच्या हातात होता, पण त्या बघत होत्या माझ्याकडे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज कोर्टात फजिती झाली. साहेब आदेश सांगत होते, मी लिहीत होतो. मध्येच पेन्सिल थांबली आणि हात वर गेला. खांद्याच्या वर जाऊन क्षणभर थांबला आणि खाली आला. पेन्सिल टेबलात रुतून मोडली. लोक हसले. साहेबांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना?

मी हात वर केला नव्हता. मला हे नीट लिहायचं आहे. शिंक येते तसं नव्हतं ते. कोणीतरी सांगावं आणि मी लिहावं, तसं होतं. पण आवाज साहेबांचा नव्हता. आवाज नव्हताच.

संध्याकाळी आरशासमोर उभा राहून हात पुन्हा तसाच वर करून बघितला. जमला नाही. मी मुद्दाम केला की नाटकी होतो.

१ डिसेंबर, रविवार

खोली सोडायचं ठरवलं. काकांना सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. बॅग घेऊन फाट्यावर गेलो, जालन्याची बस आली, चढलो, तिकीट काढलं, खिडकीशी बसलो. इतकं पक्कं आठवतं.

त्यानंतर मी या घराच्या अंगणात होतो. बॅग शेजारी. मांडीवर गवारीच्या शेंगा, आणि मी त्या मोडत होतो. समोर उषाबाई आवाज न करता रडत होत्या. तिकीट खिशात होतं.

काकांनी माझ्यासाठी बाज उन्हात ओढली. "आलात का? बरं झालं," म्हणाले.

२ डिसेंबर, सोमवार

चाकू विहिरीत टाकला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात, पाय, डोळे तपासले. काही नाही म्हणाले, नवीन नोकरीचा ताण. पोलीस ठाण्यातही गेलो. हवालदारांनी विचारलं, काय केलंत? म्हटलं, अजून काही नाही. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि गुन्हा झाल्याशिवाय काय लिहू सांगा, म्हणाले.

संध्याकाळी पाय आपोआप इकडेच.

३ डिसेंबर, मंगळवार

काका रानात गेल्यावर उषाबाई माझ्या दाराशी बसल्या आणि सगळं बोलल्या. जसं आठवतं तसं उतरवतो.

मच्छिंद्र गेला, थोरले सुटून आले, पण ते कृत्य घरातून गेलं नाही. कोर्टाने ते थोरल्यांच्या अंगावरून काढलं आणि दुसऱ्या कोणाच्या नावावर केलं नाही. मग ते जाणार कुठे? थोरल्यांचा हात बसल्या जागी वर उठायचा. म्हणून त्यांनी खोली भाड्याने दिली. पहिला भाडेकरू बियाण्यांच्या कंपनीचा माणूस होता. तो आला आणि थोरल्यांना झोप लागायला लागली. महिन्याभरात त्या माणसाने आपला हात कडबाकुट्टीच्या यंत्रात घातला. लोक अपघात म्हणाले. उषाबाईंनाच ठाऊक होतं की त्याने तो मुद्दाम घातला, त्यांना वाचवायला. त्यानंतर खोली रिकामी राहिली, आणि थोरल्यांचा हात पुन्हा उठायला लागला.

म्हणजे आडनाव विचारलं नाही ते यासाठी. कोणाचाही हात चालणार होता. आणि मी आईला आनंदाने फोन केला होता! मला इतका राग आला की मी ओरडलो, काय ते आठवत नाही. त्या ऐकत राहिल्या. मी म्हटलं, तुम्ही तरी इथून जा. त्या म्हणाल्या, माहेरी कोणी न्हाई, आणि गेले तरी ते मह्या पाठीच असतंय.

मग त्यांनी जे मागितलं ते असं. "शिक्षा नको व्हती मला. कोर्टात खरं तेच सांगितलं म्या. पण घरी येऊन त्या माणसानं येकदा म्हनायला पायजे व्हतं, उषा, म्या मारलं. आठ वर्सं झाली, म्हनलं न्हाई. हात म्हनतो, फिट म्हनतो, नशीब म्हनतो. पण 'म्या' म्हनत न्हाई. तुमच्या हातून झालं, तर तुम्ही म्हना बाळा. येवढंच."

मी त्यांच्या पाया पडलो.

४ डिसेंबर, बुधवार

राधेश्याम वकिलांकडे गेलो. आधी हसले, मग ऐकता ऐकता पान थुंकून आले. म्हणाले, सर्जेराव सुटला कारण त्याला आपण असं काही करू हे आधी माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. तरी तू तिथेच राहतोस. आता तुझं मन सोबत असो नसो, कृत्य तुझ्या माथी येणार. आणि हे सगळं लिहून वगैरे ठेवलं असशील तर आधी फाड.

म्हणजे ही वही माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. म्हटलं, साहेब, आणि एखाद्याने स्वतःच सांगितलं, मी केलं, तर? ते म्हणाले, मग संपलंच. पूर्ण नाव, शुद्धीत असल्याचं एक वाक्य, पुढे कबुली. मग ते बेवारस राहत नाही.

घरी येऊन वही हातात घेतली. फाडली नाही.

बॅगेत चाकू आहे. ओला.

५ डिसेंबर, गुरुवार

गोठ्यामागे कडबाकुट्टी आहे. डाव्या हाताने बटण दाबलं. डाव्यानेच उजव्याचं मनगट धरलं आणि पुढे रेटलं. हा हात गेला तर माझ्याकडे काही उरत नाही, तरी रेटलं. उजव्याने खांब पकडला. मी रडत होतो, ओढत होतो, तो सोडेना. त्या बियाणेवाल्याच्या वेळी एकदा फसला, आता फसत नाही.

काका दारात उभे राहून बघत होते. यंत्र त्यांनीच बंद केलं. म्हणाले, सायेब, उगी वीज जळती.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज घरी असायला हवं होतं. आई, माझी बहीण साक्षी, सगळे विहारात जमले असतील. फोनवर आईला म्हटलं, माझ्याबरोबर पंचशील म्हण. तिला वाटलं घरची आठवण येतेय. तिने पहिलं शील म्हटलं, जीवहत्येपासून अलिप्त राहीन, मी मागून म्हटलं. हात सकाळीच गमछ्याने खाटेला बांधून ठेवला होता, तीन गाठी.

तोंड शील म्हणत होतं तेव्हा उजवा हात गाठ सोडत होता. एकट्याने. बोटं इतकी सफाईने चालतात, माझीच आहेत ना.

बाबांना बोलावलंय. रविवारी येतो म्हणाले. उद्याच या म्हणायला तोंड उघडलं आणि फोन ठेवला गेला. मी ठेवला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काकांच्या पुढ्यात बसलो. म्हटलं, एकदाच म्हणा. उषाबाईंसमोर. मी मारलं म्हणा. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी म्हणा.

त्यांचे ओठ हलले. वाटलं, आता— मग म्हणाले, कोर्टानं सांगितलंय म्या न्हाई. आणि अगदी हळू, "म्हनलं तर ते मह्याकडं परत येईन ना." डोळ्यांत पाणी होतं. मग जेवायला बसले. पोटभर जेवले.

उषाबाईंनी आज चुलीपाशी जागा बदलली. आठ वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसत होत्या. आता पाठ दाराकडे.

मी सांगितलं, अशा बसू नका. त्या म्हणाल्या, मान दुखते बाळा त्या बाजूला बसून.

८ डिसेंबर, रविवार

सकाळ. बाबा निघालेत. फाट्यावर आलो की फोन करतो म्हणाले.

डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझं ऐकत नाही— चाकू उघडलाय त्याने. पेन्सिलीसाठी नाही.

स्वयंपाकघरातून कांदा फोडल्याचा आवाज. बुक्कीचा. दार उघडं. त्यांची पाठ—

मी उंबऱ्यावर आहे. खोलीत बसलो होतो, आता उंबऱ्यावर. वही सोबत आहे. ती सोडली नाही, एवढं मी केलं. हाक मारतोय, काकू उठा, काकू— आवाज फुटत नाही. त्या वळत नाहीत. माहीत आहे त्यांना—

फोन वाजतोय. बाबा असतील.

लवकर लिहायला हवं. नंतर माझा राहीन की नाही— हात म्हणू नका. फिट म्हणू नका. नशीब म्हणू नका. इथे कोणाला पुन्हा खोली देऊ नका. मी केलं. शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय, मी. पूर्ण नाव लागतं, नाहीतर ते पुन्हा बेवारस—

मी, प्रितम शिवाजी